मागच्या दारचा कोबा

सांडपाणी चौधरींच्या भिंतीत मुरायला लागलं
म्हणून फोडायला काढला,
एक्क्याऐंशी साली अप्पांनी स्वतः ओतलेला.

जुम्मा तडवी म्हणाला, दुपारपर्यंत मोकळं.
दुपारी घणाचा दांडा मोडला.
"भाऊ, सिमेंट काय फुकट भेटलं होतं का?"
परमिटवर मिळायचं तेव्हा. आणि अप्पा
ताटात चटणीसुद्धा बोटाने मोजून वाढणारे.

चार वाजता पहार अडकली.
गज नव्हता, गोल काहीतरी.
आधी रिम, मग चिमटा, मग हँडल,
लोखंड कमी पडलं तिथे तिथे
कापून अंथरलेली

यावलच्या बाजारातून चोरीला गेलेली
आमची सायकल.

त्या वर्षी वासू राणेला
शाळेच्या हौदापाशी मी चोर म्हणालो होतो,
सगळ्या वर्गासमोर.
तो काहीच बोलला नव्हता.
पाणी प्यायचं सोडून नुसता निघून गेला.
आता सावद्याला असतो म्हणे,
केळीच्या वखारीत, काट्यावर.

विचारायला अप्पा नाहीत.
जुम्मा भंगाराचा भाव करतोय,
घंटी तेवढी मी बाजूला काढली.
दाबून पाहिली. आत वाळू.

खालची माती काळी, ओली,
शेजारची मांजर येऊन लगेच तिच्यावर बसली.

फैजपूरहून सावदा
सायकलवर अर्धा तास.