घट

डिचोलीच्या बाजारात माझं दुकान, तीन बाकांचं.
तिसऱ्यावर कोणी बसलं की तराजू हलतो
म्हणून तिथे मी पेटी ठेवलीय.

प्रेमावतीची गाठ पहिल्यांदा हाताला लागली
तेव्हा मनात म्हटलं, दोन गुंजा. फार तर तीन.
बांबोळीच्या डॉक्टरीणबाईंनी सेंटिमीटर सांगितले,
तारीख सांगितली,
आम्ही ती कॅलेंडरवर लिहिली
आणि कॅलेंडर उलटं टांगलं.

साखळीहून मेव्हणा लक्ष्मणफळाची पानं घेऊन आला, पोतंभर.
म्हापशाच्या एकाने बाटली दिली, चार हजारांची,
बाटलीसोबत बऱ्या झालेल्या माणसांचे फोटो.
फोटोतली सगळी माणसं एकाच भिंतीसमोर उभी होती,
हे मला फार उशिरा दिसलं.
देवीला पाकळ्या लावल्या. उजवी पडली.
घरभर आनंद.
बरी होईल ना, एवढंच विचारलं होतं आम्ही.
कशाने, ते विचारायचं राहिलं.

केरीच्या वैद्याने नाडी धरली,
कुळागराच्या बांधावरून मुळी उपटून दिली
आणि पैसे घेतले नाहीत.
घेतले असते तर आज राग धरता आला असता.

चार महिने.
मी सोनार माणूस, काटा स्थिर झाल्याशिवाय बोलत नाही.
काटा इकडे झुकायचा, तिकडे झुकायचा,
आणि मी वाट बघत होतो.
ती मात्र वाट बघत नव्हती.
आठ गुंजांचा मासा होतो.
तेवढी झाली.

दुसऱ्यांदा बांबोळीला गेलो तेव्हा बाई ओरडल्या नाहीत.
ते जास्त लागलं.
मी विचारलं, घट किती जाईल?
त्यांना कळेना. मग सांगितलं:
जुना दागिना तेजाबात टाकतो, मूशीत तापवतो,
हीण निघतं, पण त्याच्याबरोबर थोडं सोनंही जातं.
गिऱ्हाइकाला ते आधी सांगावं लागतं.

बाईंनी पेन खाली ठेवलं.
जाईल, म्हणाल्या. केस जातील, तोंडाची चव जाईल,
कधी रक्तातलं काही कमी पडेल, ताप आला तर लगेच या.
आणि शंभर नंबरीची हमी मी देत नाही.
घरी जे काही पाजता ते सगळं मला सांगा, लपवू नका.

इतक्या दिवसांत खोटं वजन न दाखवणारी
ही पहिलीच.

परतीच्या कदंबमध्ये प्रेमावती खिडकीशी बसली.
आगशीकडून वारा येत होता, खाऱ्या चिखलाचा.
म्हणाली, मला कोणी विचारलंत?
मी गप्प.
कडू होतं म्हणून पीत गेले, म्हणाली.
कडू लागलं की वाटतं काहीतरी होतंय.
आताचंही कडूच असणार.
पण किती उतरलं, किती चढलं
ते कोणीतरी लिहून ठेवतंय.

पणजीला बस बदलताना तिने भजी मागितली, मिरचीची,
आणि अख्खा पाव खाल्ला.

ती बाटली अजून फळीवर आहे. टाकली नाही.
तिच्या बोटांची नखं काळी पडतात, ती रात्रभर ओकते,
तेव्हा माझा हात कधी कधी तिकडे जातो.
तेजाबाचा वास मला लहानपणापासून ठाऊक,
तरी तो घरातल्या माणसाच्या अंगाला यावा,
याची सवय होत नाही.
अमसुलाचं पाणी चालेल म्हणाल्या बाई. तेवढंच मी करतो.

काल उशीवरचे केस गोळा केले,
मुठीत मावले.
दुकान उघडलं होतं, कोणी नव्हतं.
लहान तराजूच्या पारड्यात ठेवले,
त्याला एक गुंजही कळते.

दारात ती उभी, डोक्याला ओढणी बांधलेली.
कितें मेजता?

काटा हलत नाही, मी म्हटलं.

हलेल कसा, ती म्हणाली,
पेटीवर तुम्हीच बसलात. उठा.