नमुना

दापोलीच्या छापखान्यात दोनशे कार्डं छापली.
"लग्न, साखरपुडा, बारसं, वास्तुशांत.
व्हिडिओ शूटिंग योग्य दरात."
खाली नाव, निशिगंधा मयेकर, हर्णै.
छापणारा म्हणाला, भावाचं नाव टाका ना,
फोन येतील.
नाही टाकलं.

एक कार्ड स्टँडवरच्या वडेवाल्याकडे.
एक हारवाल्या तात्यांकडे, कारण लग्नाची तारीख
भटजींनंतर त्यांनाच कळते.
एक बंदरात, बर्फाच्या कारखान्याच्या दाराला.
खाऱ्या वाऱ्याने तिथली टाचणी आठ दिवसांत गंजली
आणि डागाखाली माझ्या नंबरातल्या सातचा एक झाला.
तो नंबर केळशीच्या एका आंबेवाल्याचा.
शेवटी त्यानेच मला शोधून काढलं :
ताई, तुमची दोन बारशी
माझ्याकडे येऊन गेली.

तुमच्याकडे ड्रोन आहे का?
नाही.
मग किल्ला वरून कसा दिसणार?
बोटीतून दिसतो तसा, मी म्हटलं.
फोन बंद.

मुरूडच्या होमस्टेवाल्याने चहा पाजला,
झोपाळा दाखवला, सुपारीची बाग दाखवली,
म्हणाला, मस्तपैकी करून द्या,
पैशाऐवजी दोन रात्री राहा, सुरमई थाळीसकट.
माझं घर तिथून पंधरा मिनिटांवर.
आणि कॅमेऱ्याचा हप्ता
सुरमई खात नाही.

आत्याकडे तर विचारायलाच नको. तू घरचीच.
घरच्या माणसाला पाकीट द्यायचं म्हणजे
परकं केल्यासारखं नाही का होत?

श्रावणात भिंगाला बुरशी धरते म्हणून
ते तांदळाच्या डब्यात.
आई भात लावताना आधी हात घालून चाचपते.
एकदा विसरली होती.
ते जाऊ दे.

हमीदाबी होडेकर कार्ड बघून आल्या नव्हत्या.
लिलावात त्यांनी मला बघितलेलं,
कोळंबीच्या टोपलीवर ओणवी, गुडघाभर चिखलात,
फुकटचं शूटिंग करताना.
पोरी, कॅमेरा अख्खा वेळ तूच धरतेस ना?
मी.
आमच्या बायकांच्यात पुरुष नको.
आणि काम झालं की
तुझ्याकडे काही राहता नये.

दर त्यांनी विचारला नाही. मीच सांगितला.
सांगताना पाचशे कमी केले,
मग घरी येऊन स्वतःला शिव्या घातल्या.

त्या रात्री मी जे टिपलं
तसं त्याआधी कधी टिपलं नव्हतं.
दोन्ही हात मेंदीने भरलेली झुलेखा
नाक खाजवायला कुणी मिळतंय का बघत होती.
कुवेतहून आलेली खाला
डोक्यावरचा पदर सोडून अशी नाचली
की खुर्च्या मागे घ्याव्या लागल्या.
आणि सैपाकघराच्या दारातून, लांबून :
हमीदाबी बशा मोजतायत,
चौसष्टवर थांबतात,
परत एकपासून.
मी श्वास धरून उभी. फोकस हलला नाही.

चौथ्या दिवशी पेनड्राइव्ह दिला.
त्यांच्यासमोर कार्ड रिकामं केलं, लॅपटॉप रिकामा केला,
कचऱ्याची टोपलीसुद्धा उघडून दाखवली.
त्यांनी पाकीट दिलं, डबाभर सांदणं दिली.
पाकिटात कमी केलेले पाचशे होते.
कुणी सांगितलं त्यांना, देव जाणे.

आता कुणी म्हणालं, कामाचा नमुना दाखवा,
तर माझ्याकडे एक मिनिट वीस सेकंद आहेत.
सुवर्णदुर्गामागे बुडणारा सूर्य,
सगळ्यांकडे असतो तोच.
एक साखरपुडा, थोडा हललेला.
बशा मोजणारी बाई कुठेच नाही.
कधी कधी रात्री ती मला डोळ्यांसमोर चालवून बघावी लागते,
आणि दर वेळी बशा
एकदोन कमीजास्त होतात.

काल संध्याकाळी आडे गावातून फोन.
बाईचा आवाज, मागे कुकरची शिट्टी.
ती पुसून टाकणारी तूच काय गं?

मी हो म्हटलं,
पेन सापडेना, म्हणून बोटाने
तांदळाच्या डब्यावरच्या पिठात
तारीख लिहून घेतली.