येताना काय

पुण्याच्या माणसानं फोटो पाठवले होते:
बंद डबा, पांढरा, आत दोन बाइक उभ्या,
वर घडीचा पलंग, कोपऱ्यात शेगडी,
खिडकीला पडदासुद्धा.
किंमत वाचून गुरुदास म्हणाला,
एवढ्यात नाचण्याला वन-रूम मिळेल,
फक्त तिला चाकं नसतील.

दुसरी जयगडची. होडीची ट्रॉली,
हडकुळी, मधोमध वाकलेली, स्वस्त.
पण दोन पावसाळे खाऱ्या वाऱ्यात उभी.
नखानं खरवडलं तर पापुद्रा निघाला,
पापुद्र्याखाली आणखी एक,
लोखंड कुठे सुरू होतं ते सापडेना.

तिसरी नव्हतीच.
तिसरी हबीब सोलकरच्या डोक्यात होती.

मिरकरवाड्याला बंदराला लागून त्याची शेड.
होड्यांच्या ट्रॉल्या, बर्फाच्या गाड्या,
एकदा म्हणे लग्नातल्या घोड्यासाठीही बनवली एक.
मी वही उघडली.
बाइक एकशे साठ किलो, अशा दोन.
टायर, जॅक, पेट्रोलचा कॅन, तंबू.
आंबा घाट चढायचा, ओढायला जुनी बोलेरो,
महिन्यातून एक शनिवार-रविवार, कोल्हापूरचा ट्रॅक.
त्यानं सगळं ऐकून घेतलं. विडी विझवली.
'हे झालं जातानाचं,' म्हणाला.
'येताना काय असतं?'

येताना.
येताना मी कधी वजन केलं नव्हतं.

येताना घामानं जड झालेलं लेदर असतं,
झिजलेले टायर, तेवढे ग्रॅम कमी,
आणि सव्वा सेकंद, जो हातात येता येता राहिला.
मागच्या डिसेंबरात मी होते,
तिसऱ्या वळणावर गळ्याचं हाड मोडलेली,
पुढच्या सीटवर, पट्टा न लावता,
घाट खांद्यात मोजत.
गुरुदास आधीच सांगत होता, आता डावं, आता उजवं.
साखरप्यापर्यंत मी एक शब्द बोलले नाही.
घरी सांगितलं, जिन्यावरून पडले.
आमच्या घराला जिना नाही.
आई 'बरं' म्हणाली आणि हळद तापत ठेवली.

हबीबला यातलं काहीच सांगितलं नाही.
एवढंच म्हणाले, आत झोपायला जागा हवी.
'पलंग ठेवला तर दुसरी बाइक बसत नाही.
बाइक ठेवली तर तू बसत नाहीस.'
मग बराच वेळ तो खोक्यात हात घालून काही शोधत राहिला.
निघाली एक बिजागरी, पितळी, हिरवी पडलेली,
मोडीत काढलेल्या ट्रॉलरच्या झाकणाची.
पलंग भिंतीला उभा राहील, म्हणाला.
लागला तर खाली पाड, एक बाइक तिथंच सोडून ये,
बाइक थांबते.
'आणि नाही लागला तर?'
'मग पुढं बस की गाणी ऐकत.'

पलंगाची लांबी साडेपाच फूट भरली. मी पाच-सात.
अंथरूण पाहून पाय पसरावेत
हे शाळेपासून ऐकत आलेय.
हबीबनं माझे पाय पाहिले
आणि चौकट तीन इंच वाढवली.

गणपतीआधी ट्रॉली उभी राहिली, जस्ताचा थर चढवून,
मासळीच्या वासासकट. तो वास आता जायचा नाही.
चाचणीला तुझी बाइक नको, म्हणाला,
ओरखडा गेला तर मलाच ऐकावं लागेल.
त्याऐवजी बर्फाच्या लाद्या भरल्या, मोजून तीनशे वीस किलो,
आणि आम्ही बर्फ घेऊन चढ चढलो.
आरशात ती मागे, सरळ, न डगमगता.
मारुती मंदिरापाशी लोक वळून बघत होते,
बंदरापासून रस्त्यावर
आमच्या मागे पाण्याची एक बारीक ओळ होती.

वर पोचल्यावर हबीब उकिडवा बसून
तळातली भोकं बघत राहिला.
पाणी थांबत नव्हतं कुठं. 'जमलं,' म्हणाला,
'चल, वळव लवकर.
उरलेला बर्फ लिलावाआधी पोचवायचाय,
सुरमई वाट बघत बसलीय.'