एकास चोवीस

खोक्यावरच्या चित्रात स्टिअरिंग डावीकडे होतं.
भाऊंनी चष्मा न लावताच पाहिलं,
म्हणाले, ही आमची नाही.

मग मी डॅशबोर्ड मधोमध कापला.
दातांच्या लॅबमधली माझी बारीक करवत,
प्लास्टिक तिला खोबऱ्यासारखं गेलं.
डावा तुकडा उजवीकडे, उजवा डावीकडे,
मध्ये केसाएवढी फट राहिली, ती पुट्टीनं भरली
आणि दोन रात्री घासत बसले
काळाचौकीच्या खोलीत, मोरीच्या कट्ट्यावर,
आठशेचा पेपर, मग दोन हजारचा.
तीन पेडलंही इकडून तिकडे नेली.
वर छत बसलं की ती कुणाला दिसणार नाहीत.
भाऊंना माहीत आहेत.

रंग क्रीम.
पण क्रीम म्हणजे कोणता?
मी दिवसभर परक्यांच्या दातांचे रंग जुळवते,
ए-दोन, ए-तीन, सिगारेटवाल्यांचा ए-चार.
पांढऱ्यात पिवळा, सुईच्या टोकावर राहील इतका तपकिरी,
आइस्क्रीमच्या चमच्यांच्या पाठीवर नमुने काढले.
भाऊ एकेक चमचा खिडकीशी नेत गेले:
हा दुधाचा.
हा चुन्याचा.
हा आजारी माणसाचा.
पाचव्यापाशी थांबले.
हा. पेडर रोडला, दुपारी तीनला, बदामाखाली.
रुस्तमजीशेट वर झोपलेले असायचे.

हवेत ओल असली की ताज्या रंगावर साय धरते.
मला हे वाचून माहीत होतं, तरी घाई केली
आणि जुलैतली पहिली बॉडी
सकाळी मोतीबिंदू झाल्यासारखी दिसली.
ती ब्रेक ऑइलमध्ये बुडवून ठेवली रात्रभर,
रंग सालपटांसारखा सुटून आला.
त्या वासानं भाऊ अंथरुणावर उठून बसले.
कुठे गळतंय, म्हणाले.

गणपती गेल्यावर तीन दिवस कडक पडले.
गच्चीत, कांबळीकाकूंच्या वाळवणापासून लांब,
स्प्रेचा डबा कोमट पाण्यात धरून
एक हलका हात. थांबायचं. दुसरा हात.
थांबायचं हेच खरं काम.

सीट कोणत्या रंगाच्या?
पुढच्या तपकिरी, लगेच उत्तर आलं.
मागची?
आरशात तरी तपकिरीच दिसायची.
एकवीस वर्षं चालवली, तिथे बसलो नाही कधी.
तक्रार नव्हती सांगण्यात,
डिझेलचा जुना भाव सांगावा तसं सांगितलं.
ड्रायव्हरच्या सीटचं मात्र सगळं ठाऊक:
उजवी कड उतरताना घासून उसवलेली,
तिथे आईनं दाभणानं टाके घातले होते
पांढऱ्या दोऱ्यानं, कारण तपकिरी संपला होता.
शेट बोलले नाहीत. त्यांना दिसलेच नसतील.
मी श्वास रोखून तीन शून्याच्या ब्रशनं चार टाके काढले.
पाच, भाऊ म्हणाले.

सगळं जोडून हातात दिलं तेव्हा
अंगठ्याचं नख आपोआप गेलं
मागच्या डाव्या दाराच्या मुठीवर.
उघडत नाही?
नाही भाऊ, बॉडी एकसंध येते.
बराच वेळ नख तिथेच होतं.
मग ते हसले, पहिल्यांदा, या सबंध प्रकरणात,
म्हणाले, चला, तेवढं काम कमी झालं.

कपाटात, स्टीलच्या पेल्यांच्या पुढे,
मी ती भिंतीकडे तोंड करून ठेवली,
मागचे लाल दिवे फार छान जमले होते म्हणून.
सकाळी पाहते तर गाडी वळवलेली.
तोंड बाहेर, पुढची चाकं सरळ,
कधीही खालून बोलावणं येऊ शकतं अशी.
आणि इंजिनाखाली बरोबर
चौकोनी घडी घातलेला पेपरचा तुकडा,
तेल गळलंच तर.