चौथा रकाना

खोतीगावच्या दारावर नोंदवहीत चार रकाने:
नाव, गाव, आत गेल्याची वेळ,
आणि चौथा, काय पाहिले.
तो बाहेर पडताना भरायचा,
कुष्टो वेळीप म्हणाला,
आणि दोरीला बांधलेले पेन परत खिळ्याला अडकवले.

मी मडगावचा. विमा कंपनीचा सर्व्हेयर.
चेपलेली दारे, फुटलेल्या काचा,
बेतूलच्या बुडालेल्या होड्या मोजत तीस वर्षे गेली.
डोळ्यांनी बघितल्याशिवाय माझा हात लिहीत नाही.
डॉक्टरने चाला म्हटले म्हणून आलो,
आणि खोटे कशाला बोलू, वाघ बघायला आलो.

नोव्हेंबर. ओहळाला अजून घोट्याएवढे पाणी.
बूट काढावेत की नाही, मी विचारात,
कुष्टो चपलांसकट पलीकडे.
माट्टीच्या झाडाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळ;
त्याने कोयत्याच्या मुठीने टकटक केली,
शेजाऱ्याचे दार वाजवावे तशी.
'हाच्या पोटांत उदक आसा,' म्हणाला.
उघडून मात्र दाखवले नाही.

वरून माडगरुड गेला.
दिसला नाही, पंखांचा आवाज तेवढा आला,
कुणी सुपाने घाईघाईत वारा घालावा तसा.
मी मान वर करेपर्यंत फांदी हलायची थांबली होती.
शेकराचे घरटे होते, शेकरू नव्हते.
गव्याचे शेण होते, अजून ऊबदार;
गवा नव्हता.
दीड तास चाललो, आणि नुसते पुरावे!
कुष्टो म्हणाला, 'दिसना म्हणून ना, अशें न्हय.'
हेच माझे दावेदार म्हणतात,
आणि मी त्यांचे अर्ज परत पाठवतो.

वळणावर एक रोयण,
कमरेइतकी उंच, पायाशी सुकलेली आबोली.
एक बाजू पार उकरलेली,
आतली ओली लाल माती वाटेवर,
आणि नखांचे ओरखडे, बोटभर खोल.
'अस्वल,' म्हणत कुष्टोने चपला काढल्या,
हात जोडले. 'ही आमची सांतेर.'
मी सवयीने विचारले, मग एवढे नुकसान?
तो बराच वेळ त्या ओरखड्यांकडे बघत राहिला.
'भुरगें आवयकडेन जेवलें,' म्हणाला,
'ताका लुकसाण म्हणटात?'

माझ्याकडे त्याचा तक्ता नव्हता.

परतताना झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यातले कार्ड काढून
तळहाताएवढ्या पडद्यावर त्याने दाखवले:
आठ वाजून दहा मिनिटे. टक्कल पडू लागलेला एक माणूस,
एका हाताने खोड धरून
बुटातला खडा झटकतोय.
शर्ट घामाने पाठीला चिकटलेला,
एक खांदा खाली.
माझी पाठ मी कधी पाहिलीच नव्हती.
बाबांची निघाली ती,
बाजारातून पिशवी घेऊन येतानाची.

मग आठ एकवीस. तीच वाट, तेच खोड.
कशाने चाप ओढला कळत नाही.
कोपऱ्यात पानांमागे काळे काहीतरी,
सावली म्हणावी तर केसाळ.
'अस्वल?' मी विचारले.
कुष्टोने खांदे उडवले. 'आसत.'

म्हणजे असेल. किंवा नसेल.
अकरा मिनिटांचे अंतर,
आणि मी त्या वेळात पुढे कुठेतरी उभा राहून
काहीच नाही म्हणून कुरकुरत होतो.

दारावर पेन हातात घेतले.
माझ्या वरच्या ओळीत कुणी लिहिले होते, काही नाही.
त्याच्या वर, मोर, माकडे, पाऊस.
मी लिहिले: एक रोयण, अर्धी.
मग 'अर्धी' खोडले.

कुष्टोने न वाचताच वही मिटली.
खडा तर सकाळीच काढला होता,
तरी मडगावला पोचेपर्यंत बुटात काही टोचत होते.
थांबून बघितले नाही.