नाकातली चार घरं

ऑर्डर कुठल्या तरी उत्तरेकडच्या रानातनं आली.
सहाशे टॉवेल. पाण्यात उभं अस्वल,
तोंडात मासा, खाली त्यांच्या लॉजचं नाव.
इराबत्ती शेठ म्हणाले, "फोटो घे, ग्राफ काढ,
सोमवारपर्यंत पत्ते पाडून दे."

सोबतचा कागद धाकट्या श्रीलतानं वाचून दाखवला:
पाहुण्यांना वाटाड्या मिळतो, होडी मिळते,
मांडीपर्यंत येणारे रबरी बूट मिळतात.
सकाळी सामन मासा गळाला लावायचा,
दुपारी लाकडी माचावर बसून अस्वलं बघायची.
शिंकायचं नाही. हाक मारायची नाही.
अस्वल आलं नाही तर पैसे परत नाहीत.
"एवढे पैसे?" मी म्हटलं.
ती म्हणाली, "डॉलर आहेत ते, नायना.
अजून गुणायचे राहिलेत."

मासा सोपा गेला.
सामन मी पाहिला नव्हता,
पण पाठ कशी वाकते ते उजनीच्या कटल्यानं शिकवलंय.
हा म्हणे समुद्रातनं उलटा येतो, धबधबा चढून,
जिथं अंडं फुटलं त्याच ओढ्यात.
माझे आजोबा करीमनगरकडनं आले ते आलेच.
आमच्या घरात तेलुगू उरली
ती देवापुढं, आणि भांडणात.

अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये, पत्र्याखाली,
पारा चव्वेचाळीसवर असताना
मी निळ्या पेन्सिलीनं बर्फाचं पाणी भरत होतो,
एक घर, एक धागा.
नळाला पाचव्या दिवशी पाणी येणार होतं.
घाम ग्राफवर पडला की नदी तेवढी पुसट व्हायची.

नमुना गेला. आठवड्यानं उत्तर आलं:
मासा सुंदर. पाणी सुंदर.
अस्वलाच्या नाकाशी ते काय आहे?

मी फोटो बघितला. नाकाशी काही नव्हतं.
टॉवेल बघितला.
नाकाच्या खाली, बरोब्बर मधे, चार घरं,
गोल.

गड्ड्याच्या यात्रेत, मी सहा वर्षांचा असेन,
दरवेशी यायचा.
हातात दोरी, दोरी कडीत, कडी नाकात.
अस्वल मागल्या पायांवर उभं राहून सलाम करायचं,
मग खाली बसून
धुळीत स्वतःच्याच पंजाचा वास घेत राहायचं.
आईनं आठ आणे दिले. त्यानं एक केस उपटला.
मूल भिऊ नये म्हणून
तो ताईतात घालून कितीतरी वर्षं माझ्या गळ्यात होता.
उपटला तेव्हा अस्वलानं मानसुद्धा वळवली नव्हती.

एवढं एकच अस्वल मी बघितलंय.
हातानं तेच काढलं.

शेठ म्हणाले, "खोडून टाक बे, चार तर घरं आहेत."
खोडली. पंचिंगवाल्या सत्तय्यानं
तीन पत्ते पुन्हा पाडले,
आणि सहाशे अस्वलं मोकळ्या नाकानं
खोक्यात घड्या होऊन बंदराकडं गेली.

नमुन्याचा जोडपीस माझ्याकडं राहिला, रिजेक्टचा.
टर्किशला दोन तोंडं असतात:
पुढं जे तपकिरी ते मागं पांढरं,
पुढं मासा डावीकडं, मागं उजवीकडं.
मागच्या बाजूचं अस्वल बर्फासारखं आहे,
कडी तेवढी तपकिरी.

काल पाणी आलं, रात्री अडीचला.
बायको त्याच टॉवेलानं भरलेल्या घागरी पुसत होती.
"कुठलं रे हे जनावर?"
"उत्तरेतलं," मी म्हटलं, "लांबचं."
तिनं बल्बखाली धरून बघितलं,
कडीवर ओलं बोट ठेवलं.
"काहीही सांगतोस. गड्ड्यावरचंय हे,"
म्हणाली, आणि पुढची घागर नळाखाली सारली.