वाचनक्रम

बुधवारी नवे अंक येतात, म्हणून भांडणही बुधवारी.
टोलेडोत, नदीच्या पूर्वेला,
जिथं पूर्वी बुटांचं दुकान होतं तिथं माझं कॉमिक्सचं;
पाऊल मोजायची लोखंडी पट्टी अजून काउंटरखाली आहे.
बाहेर बर्फाचा चिखल. आत एक हीटर,
घडीच्या चार खुर्च्या
आणि 'शेवटचं क्षितिज':
मुख्य अंक सात, जोडअंक एकतीस,
सगळ्या मालिकांतले मिळून साठेक नायक.
पूर्ण होईपर्यंत कुणी उघडायची नाही असं ठरलेलं.
दोरीनं गठ्ठे मीच बांधले,
वर कोणता अंक कधी वाचायचा त्याची यादी.

ओडेल पर्व्हिस बस चालवतो, टोपी काढत नाही.
"नमनालाच घडाभर तेल," तो म्हणाला.
"तीन अंक नुसते येतायत, उभे राहतायत, आभाळाकडे बघतायत.
माझ्या बसमध्ये माणसं चढतात
ती कुठंतरी उतरायचं असतं म्हणून."

नबील हद्दादच्या बाहीवर बापाच्या बेकरीचं पीठ.
"आणि हेरन?
वीस वर्षं ज्याच्यामागे गेलो
त्याला मरायला कोपऱ्यातली चौकट,
पोस्टाच्या तिकिटाएवढी!
शेजारच्या चौकटीत ऑबर्न विनोद सांगतोय."

रोझलिन पिवोवारनं कॉफी खाली ठेवली.
शाळेत नर्स आहे; आवाज नाही, भुवई चढवते.
"विनोद तिथंच हवा," ती म्हणाली.
"आपण त्याचं दफन बघून आलेलो असतो.
रिकामी शवपेटी,
मिस कॅलिकोच्या हातात एकच हातमोजा.
आणि पान उलटतो तर तो जिवंत,
कठड्यावर बसून सँडविच खातोय, लोणचं बाजूला काढून.
ऑबर्न हसवतो, कारण त्याला माहीत नाही.
आपल्याला आहे.
मी पार्किंगमध्ये गाडीतच बसून राहिले,
काचा धुरकटेपर्यंत."

"दफन आधी?" ओडेल.

"आधीच तर," सोळा वर्षांचा डेस्मंड म्हणाला,
सगळे गप्प झाले की बोलतो तो.
"काळ उलटा लावलाय. असं धाडस कुणी करत नाही."

"वरातीमागून घोडं ऐकलं होतं," ओडेल म्हणाला,
"दफनामागून मरण पहिल्यांदा ऐकतोय."

मग काथ्याकूट. पानं फडफडली.
कुणी म्हणालं शेंडा ना बुडखा,
कुणी म्हणालं तू वाचतोस की चाळतोस.
नबीलला दफनाचा अंक आठवेना,
आठवला तेव्हा म्हणाला, तो? तो तर मी
जेवता जेवता वाचला, तोवर सगळं संपलं होतं.

मी अंक प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालत होतो,
पाठीला पुठ्ठा, वर चिकटपट्टी,
मूग गिळून.

ऑक्टोबरात ताप होता मला, एकशे दोन.
यादी हातानं लिहिली, पेन संपत आलेलं,
आणि 'हेरन: निरोप' ही ओळ
चौथ्या अंकाच्या वर पडली.
दोन गठ्ठे गेल्यावर ध्यानात आलं.
उरलेल्या दोघांच्या याद्या दुरुस्त केल्या.
त्या दोघांना ती आवडली नाही.

खरं सांगायचं तर दुरुस्त यादीनं मीही वाचलीय.
ओडेलचं बरोबर आहे. पसारा आहे नुसता.
पण त्या रात्री घरी जाऊन
रोझलिनच्या क्रमानं पुन्हा लावली,
आणि सँडविचच्या पानापाशी थांबलो.
लोणचं बाजूला काढलेलं
मला आधी दिसलंच नव्हतं.

निघताना ओडेलनं तिची यादी मागून घेतली,
घडी करून टोपीत सरकवली,
"बघू," एवढंच म्हणाला.
रोझलिन लेखकाला पत्र लिहिणार आहे,
त्या एका निर्णयाबद्दल आभार मानायला.
प्रकाशकाचा पत्ता तिनं मला विचारला.

मी लिहून दिला.
दोनदा तपासून.